दारातला चौकोन

माझ्या नवऱ्याला विचाराल तर तो आजही म्हणेल की इंजिनात चूक नव्हती. ते खरं आहे आणि हेच माझं दुखणं आहे. चूक असती तर तिच्या माथी खापर फोडून मोकळी झाले असते.

इंजिन म्हणजे गाडीचं नव्हे. लोकांना गोष्टीचे मोठमोठे खेळ बनवायचे असतात. एखादा वीर गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, लढतो, मार खातो, शहाणा होतो. असा खेळ पडद्यामागून चालवणारं यंत्र आम्ही बनवतो. आमच्या इंजिनात सगळं जग चौकोनांचं असतं. गवताचा चौकोन, पाण्याचा चौकोन, भिंतीचा, दाराचा. चौकोनाला चौकोन जोडत गेलं की गाव उभं राहतं. चौकोन रंगवणं माझ्याकडे, त्यांच्यात जीव ओतणं नवऱ्याकडे. दोन नियम अगदी सुरुवातीपासूनचे: एका पावलात एकच चौकोन ओलांडायचा, आणि एका चौकोनात एकाच माणसाने उभं राहायचं. आमच्या स्वयंपाकघरालाही दुसरा नियम लागू आहे, इतकं ते लहान आहे. त्यात सासूबाई आणि मी इतकी वर्षं कशा मावलो ते आम्हालाच ठाऊक.

सासूबाई गेल्या तेव्हा बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रडारड केली नाही. त्यांनी उठणंच सोडलं. कारखान्याच्या फाटकावर उभं राहून आयुष्य काढलेला माणूस, पण दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. नवरा त्यांच्याजवळ बसायचा आणि दोघं मिळून गप्प राहायचे. ह्या घराण्यात बोलायला जणू कर भरावा लागतो. मला तर धीर देणं मुळीच जमत नाही. तोंड उघडलं की टोमणाच बाहेर पडतो. म्हणून मी जे येतं ते केलं. घराचा नकाशा रंगवला.

आमचंच घर, चौकोनांचं. पुढची खोली, बाबांची खोली, मधला बोळ, स्वयंपाकघर, खिडकीतल्या कुंड्या. बाहेर आमची गल्ली: कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान, त्यापुढे सायकली दुरुस्त करणारा, मग कालवा आणि त्यावरचा अरुंद पूल. पुलापलीकडे मी दोन-चार चौकोन रंगवले आणि मला कंटाळा आला. तिथे नकाशा संपवला. स्वयंपाकघरात शेगडीपाशी आईंना, म्हणजे सासूबाईंना, उभं केलं. बोटाच्या पेराएवढी बाई, पाठीवर सैल अंबाडा, अंगात तो कोपरावर विरलेला तपकिरी स्वेटर. जवळ जाऊन बोलायची कळ दाबली की त्या एकच वाक्य म्हणायच्या: "आलात? आधी हात धुवा."

खऱ्या आईही घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणायच्या. लग्न होऊन आले त्या दिवशी मलाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

नवऱ्याने बाबांच्या खोलीत जुना संगणक मांडला, चार बाणांच्या कळा आणि बोलायची एक कळ यांवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आणि काही न बोलता निघून आला. पहिल्या दिवशी बाबांनी ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर ते खुर्चीत बसले होते. पडद्यावरचे छोटे बाबा बोळातून स्वयंपाकघरात गेले. आई म्हणाल्या, "आलात? आधी हात धुवा." आणि बाबा खुर्चीतून उठले, खऱ्या बेसिनपाशी गेले आणि हात धुऊन आले.

त्यांना वेड लागलं होतं असं कुणी समजू नये. ती गेली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. रोज सकाळी दाढी करून ते खुर्चीत बसायचे, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचे, वाक्य ऐकायचे, हात धुवायचे आणि मग जेवायचे. त्यांचं सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं.

यथावकाश त्या नकाशाला कामही मिळालं. आमचा तो सगळ्यात जुना नकाशा, म्हणून इंजिनात काही नवं घातलं की आधी तो उघडून पाहायचा अशी पद्धत पडली. आमच्याबरोबर लांबून काम करणारी एक चाचणीवाली आहे. ती म्हणायची, "सासूबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही." सगळे हसायचे. मीही हसायचे.

इंजिनाच्या नव्या आवृत्तीत बरंच काही होतं. वस्तूंच्या सावल्या पडणार होत्या. लाकडावर पावलांचा आवाज वेगळा, दगडावर वेगळा. खेळातलं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालणार होतं, संध्याकाळ झाली की नकाशातले दिवे लागणार होते. खेळ बंद ठेवला तरी मधला वेळ वाया जाणार नव्हता. पुन्हा उघडला की इंजिन हिशेब करून प्रत्येकाला आता जिथे असायला हवं तिथे नेऊन ठेवणार होतं. आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे दिनक्रम. आजवर आमची माणसं जिथे ठेवू तिथे खांबासारखी उभी असायची. आता ती आपण होऊन हिंडणार होती, खिडकीतून डोकावणार होती, समोरच्याकडे मान वळवून पाहणार होती. दिवेलागणीला ज्याचं घर असेल तो घरी जाणार. ज्याचं घर लिहिलेलं नसेल तो पाहुणा, त्याने जवळच्या रस्त्याने नकाशाबाहेर निघून जायचं. खेळातल्या धर्मशाळेत उतरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी हा नियम नवऱ्याने मोठ्या हौसेने केला होता. जेवतानासुद्धा त्याचंच पुराण चालायचं.

चाचणीवालीने नेहमीप्रमाणे घराचा नकाशा उघडून पाहिला. नकाशा उघडतो, दार उघडतं, आई बोलतात, नकाशा बंद होतो. चारही खुणा हिरव्या. जुन्या इंजिनात संध्याकाळच नव्हती, त्यामुळे जुन्या चाचण्यांतही संध्याकाळ नव्हती. नवं यंत्र आणि मापं मात्र जुनीच. आमच्या धंद्यातली माणसंच असली चूक करू शकतात, शिंपी करणार नाही.

नवऱ्याने सकाळी ती आवृत्ती बाबांच्या संगणकावर चढवली. त्यांना गंमत वाटेल म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता, हे मला लिहायलाच हवं.

दुपारी मी चित्रं काढत बसले होते, तेवढ्यात बाबांची हाक आली. मला ते हाक मारत नसत. धावत गेले.

"सूनबाई, ही वळली," ते म्हणाले.

पडद्यावर आई शेगडीपासून खिडकीपर्यंत चालत गेल्या, कुंड्यांपाशी थांबल्या. बाबांनी आपल्या माणसाला एक पाऊल पुढे नेलं. आईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. अंबाड्याची सावली भिंतीवर हलली. बाबांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. मी त्यांना तसं हसताना आई असतानाही फारसं पाहिलं नव्हतं. मला मनापासून आनंद झाला. नवऱ्याला जाऊन म्हटलं, "आयुष्यात एक काम बरं केलंस." तोही लाजल्यासारखा हसला.

त्या दिवशी बाबा उठलेच नाहीत. जेवणही खुर्चीतच झालं. दिवेलागणीला आम्ही दोघं पुढच्या खोलीत चाचणीवालीशी फोनवर बोलत होतो, खोलीचं दार लावलेलं होतं. बोलणं संपवून बाहेर आलो तर बाबांची खोली रिकामी. घराचं दार सताड उघडं. चपला जागेवरच होत्या.

पडद्यावर स्वयंपाकघरात दिवा लागला होता आणि आई नव्हत्या. बाबांचा माणूस पुलापलीकडे, नकाशाच्या अगदी शेवटच्या चौकोनात उभा होता.

नवरा पडद्यावर वाकला. मग पुटपुटला, "घर लिहिलेलं नव्हतं. नकाशा केला तेव्हा तो रकानाच नव्हता." त्याला सगळं एका क्षणात कळलं. मला कळायला थोडा वेळ लागला. आई दिवेलागणीला शेगडी सोडून निघाल्या, बोळातून, दारातून, शिंप्यावरून, पुलावरून. बाबा त्यांच्या मागे चौकोन चौकोन चालत गेले. नकाशा संपला तिथून आई पलीकडे गेल्या आणि बाबांना इंजिनाने अडवलं. खेळणाऱ्याच्या माणसाने नकाशाबाहेर जायचं नाही, हा नियम आधीपासूनच होता. मग बाबा खुर्चीतून उठले.

नवरा मोठ्या रस्त्याकडे, बस जिथे थांबते तिकडे पळाला. मी पुलाकडे पळाले. नकाशा मी रंगवला होता, तो कुठे संपतो ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. कडाक्याची थंडी होती आणि कालव्यावरून वारा येत होता. पुलापलीकडे लाकडाची वखार आहे. तिच्या कुंपणाशी, पाण्याच्या कडेला, बाबा दगडावर बसले होते. अंगात घरातला सदरा, पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले. उतरून पाण्यातही पाहिलं असावं.

"बाबा, चला घरी," मी म्हटलं.

"इथपर्यंत दिसत होती," ते म्हणाले. "मग दिसेना."

मी माझी शाल त्यांच्या पायांना गुंडाळली. मला त्यांचा राग आला होता, नवऱ्याचा आला होता, आणि सगळ्यात जास्त त्या पुलाचा आला होता. आणखी थोडे चौकोन रंगवायला काय झालं होतं मला.

त्या संध्याकाळी नवऱ्याला मी वाटेल तसं बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हळूच म्हणाला, "नियमाप्रमाणेच झालंय ते. घर नाही तो पाहुणा."

"तुझी आई पाहुणी? ह्या घरात?"

मी ह्या घरात नवी असताना पुढच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसून होते. आई स्वयंपाकघरातून ओरडल्या होत्या, पाहुण्यासारखी काय बसलीस, उठ, घर तुझंच आहे. आमचं फार सख्य होतं असं नाही, पण ते वाक्य मी कधी विसरले नाही. आणि त्याच बाईला माझ्याच नवऱ्याने पाहुणी ठरवून दाराबाहेर काढलं होतं. तेही न कळता.

दुसऱ्या दिवशी त्याने जुनं इंजिन आणि जुना नकाशा परत ठेवला. आई शेगडीपाशी, पूर्वीसारख्या. बाबा खुर्चीत बसले, स्वयंपाकघरात गेले, कळ दाबली. "आलात? आधी हात धुवा." ते उठले नाहीत.

"हा फोटो आहे," ते म्हणाले. "कालची आण."

नवऱ्याने नवी आवृत्ती पुन्हा चढवली, कालच्या सकाळच्या नकाशासकट, मधल्या रात्रीचा हिशेब पुसून. आई चालू लागल्या. मग तो बाबांच्या शेजारी बसला आणि समजावू लागला, "बाबा, काल माझं राहून गेलं होतं. आता मी आईच्या नावापुढे घर लिहितो, हा स्वयंपाकघराचा चौकोन. मिनिटभराचं काम. मग ती बाहेर जाऊच शकणार नाही."

"जाऊच शकणार नाही?"

"नाही. काळजीच नको."

बाबा खोकले. खोकला रात्रीपासून सुरू झाला होता. "म्हणजे कोंडणार तिला."

"कोंडणार नाही हो, बाबा. नुसता आकडा आहे तो."

"फाटकावर जन्म काढलाय मी," बाबा म्हणाले. "कोंडलेला माणूस कसा दिसतो आणि आपण होऊन थांबलेला कसा दिसतो, मला लांबून कळतं. तिला हात लावायचा नाही. थांबायचं असेल तर थांबेल."

"नाही थांबणार ती. नियमच तसा आहे."

"मग मी थांबवीन."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसे ते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता तू सांग. मी काय सांगणार? मला ते पटलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला बाबांनी आपल्या माणसाला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, बोळातून नेलं आणि घराच्या दारात उभं केलं, तोंड घराकडे. "माणसाला जाऊ द्यायचं नसलं ना," ते मला म्हणाले, "तर वाद घालत बसायचं नाही. दारात उभं राहायचं." एका चौकोनात एकच माणूस, हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता. खेळता खेळता त्यांच्या लक्षात आला होता.

नकाशातले दिवे लागले. आई शेगडी सोडून निघाल्या. बोळातून आल्या आणि दारासमोर, बाबांच्या पुढच्या चौकोनात थांबल्या. वाट अडलेली असली की आमची माणसं जरा थांबतात, इकडेतिकडे होतात आणि पुन्हा येऊन पाहतात. आईही एक पाऊल बाजूला झाल्या आणि पुन्हा समोर आल्या. दोघं समोरासमोर. बाबांनी बोलायची कळ दाबली.

"आलात? आधी हात धुवा."

"धुतो," बाबा म्हणाले. "तू आत हो."

त्यानंतर रोज संध्याकाळी हेच. संगणक बंद करायला त्यांनी मनाई केली. बंद करून उघडला तर इंजिन हिशेब करून आईंना थेट बाहेर नेऊन ठेवणार, दारात कोण उभं आहे ते बघणार नाही. हे नवऱ्याने त्यांना खरं खरं सांगितलं होतं. सकाळी खेळात उजाडलं की आई आपोआप शेगडीकडे वळायच्या. तोवर बाबा त्यांच्याशी बोलायचे. मी भिंतीपलीकडून ऐकायचे. शिंप्याने दुकान विकायला काढलंय. सूनबाई फार चिडते, पण मनाची वाईट नाही. तुझ्या त्या स्वेटरचं कोपर शिवायचं राहून गेलं. संसारात ते इतकं कधी बोलले नव्हते, आणि आई मात्र एवढंच म्हणायच्या की आधी हात धुवा. मला रडू यायचं आणि रागही यायचा. जिवंतपणी बोलायला काय झालं होतं ह्या माणसाला, असं वाटायचं.

खोकला छातीत उतरला. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या, म्हणाल्या पडून राहायला हवं. दिवसा ते पडून राहायचे. अंधार पडायला लागला की खुर्चीत बसायचे. मी सांगून पाहिलं, "बाबा, तुम्ही खुर्चीत नसलात तरी तो तुमचा माणूस दारात उभाच असतो. कळ दाबायचीही गरज नाही."

"तो उभा असतो गं," ते म्हणाले. "पण बोलणार कोण?"

शेवटी श्वास लागायला लागला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या हिरव्या पडद्यांमागे ते अर्धवट ग्लानीत असायचे. नवरा पायाशी बसायचा, मी उशाशी. संध्याकाळ झाली, बाहेरच्या मार्गिकेत दिवे लागले की ते डोळे उघडायचे.

"दारात कोण आहे?"

"तुम्हीच आहात, बाबा."

"बंद नाही ना केलं?"

"चालू आहे. मी बघूनच आले."

मी खोटं बोलत नव्हते. रोज घरी जाऊन बघून यायचे. आई समोर, बाबा दारात, दोघांच्याही सावल्या एकाच बाजूला पडलेल्या. एकदा बोलायची कळ दाबावी म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला. ते माझं बोलणं नव्हतं.

बाबा एका दुपारी गेले. झोपेतच. नवऱ्याने त्यांचा हात धरला होता, पण त्यालाही कळलं नाही, परिचारिकेने येऊन सांगितलं. सगळं उरकून आम्ही घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबांच्या खोलीत पडद्याचा उजेड होता. आई दारापाशी आल्या होत्या.

त्यानंतर किती दिवस गेले ते मोजले नाहीत. नव्या आवृत्तीची लोक वाट बघत होते, चाचणीवाली फोन करत होती आणि नवरा बाबांच्या खुर्चीत बसून होता. धड जेवत नव्हता, धड बोलत नव्हता. बापाच्या जागी आता पोरगा. मला भीती वाटायला लागली. एक माणूस त्या खुर्चीने नेला होता, दुसरा नेऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

एका संध्याकाळी मी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. पडद्यावर आई बोळातून निघाल्या होत्या.

"बंद कर आता हे," मी म्हटलं.

"बंद केलं की ती गेली. बाबा एकटे दारात."

"मग पुन्हा उघडूच नकोस."

"म्हणजे दोघांना असंच ठेवायचं, अंधारात, समोरासमोर?"

"मग घर लिही तिच्या नावापुढे."

"ते त्यांनी नको म्हटलं होतं." त्याने पडद्यावरच्या आईंकडे बोट केलं. "मी आधीच लिहायला हवं होतं. एक आकडा. एवढंच होतं गं. एक आकडा."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. धीर द्यायला मला अजूनही येत नाही. म्हणून जे वाटलं तेच बोलले. "मग जाऊ दे तिला. ती गेलेलीच आहे रे."

मग त्याने बाणाची कळ एकदा दाबली. बाबा एक चौकोन बाजूला झाले.

आई दारातून बाहेर पडल्या. नव्या आवृत्तीत दगडावर पावलांचा आवाज वेगळा येतो, तो आला. शिंप्याच्या दुकानावरून गेल्या, सायकलवाल्यावरून गेल्या. नवरा बाबांना त्यांच्या मागे नेत होता, एकेक कळ दाबत. पुलावर लाकडाचा आवाज झाला. पलीकडच्या त्या दोन-चार चौकोनांवरून आई चालत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. बाबा शेवटच्या चौकोनात थांबले. नवरा कळ दाबत राहिला. माणूस जागच्या जागी पाऊल उचलत होता आणि पुढे जात नव्हता.

"तो नियम काढ," मी म्हटलं.

"खेळाडूचा? तो काढला तर सगळं कोसळेल. सगळं खेळाडूभोवती चालतं. तोच नसला तर इंजिनाला काही दिसतच नाही."

"कोसळू दे."

खेळ चालू असतानाच नियम बदलता येण्याची सोयही ह्याच आवृत्तीतली. त्याने बाजूची खिडकी उघडली, ती ओळ शोधली आणि पुसली. मग पुन्हा बाणाच्या कळेवर बोट ठेवलं. चिकटपट्टीचा रंग बाबांच्या बोटाने पार उडाला होता. त्याने कळ दाबली. बाबांनी पाऊल उचललं आणि ह्या वेळी ते पुढे गेले.

क्षणभर नुसता नकाशा राहिला. रिकामी गल्ली, उघडं दार, स्वयंपाकघरातला दिवा. मग पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली: खेळाडू सापडला नाही.

नवरा रडला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, तोंड न झाकता. मी त्याला रडू दिलं. संगणकाच्या पंख्याची घरघर थांबली होती आणि खोली एकदम मोकळी वाटत होती.

पडद्यावर काही बिघडल्याची अक्षरं आली की ती चुकांच्या यादीत चढवायची, ही त्याची हाडीमासी खिळलेली सवय. डोळे पुसत त्याने विचारलं, "नोंदवून ठेवू का ही चूक?"

"नको," मी म्हटलं. "ही चूक नाही."